फळीची दोन टोके

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही जरा पुढे सरकावे; ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. हिच्यात एक बाई आहे, जिला कानांनी ऐकू येत नाही. पण तिने आयुष्यभर जे ऐकले, ते दोन्ही कान शाबूत असून तुम्हाआम्हाला ऐकू आलेले नाही. राजाची राणी नव्हे, कोणी मोठी पुण्यात्माही नव्हे. देव ज्यांना भरपूर काम आणि थोडीशी ओळख देऊन पाठवतो, त्यांतली एक. शेवटी मी तुमच्याकडे एक मागणे मागणार आहे. ते आताच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको.

तर डॉक्टरांच्या खोलीपासून सुरुवात करू.

टेबलावर तिने डावा तळहात उघडा ठेवला होता. डॉक्टरबाईंच्या हातात नादकाटा होता, दोन दातांचा, पोलादी; आपटला की बराच वेळ गुणगुणत राहतो. तो आपटून त्यांनी त्याचा दांडा तिच्या तळहातावर टेकवला.

"डोळे मिटा. गुणगुण थांबली की बोट उचला."

डोळे मिटले की तिला समोरच्याच्या ओठांवरचे वाचता येत नाही, म्हणून सगळे आधीच समजावून द्यावे लागले. ती डोळे मिटून बसली. बराच वेळ गेला. डॉक्टरबाईंनी काटा उचलून स्वतःच्या कानाशी नेला, तर त्यांना काही ऐकू येईना. पुन्हा टेकवला. ती तशीच. मग कधीतरी तिने बोट उचलले.

"हात ठणठणीत आहे तुमचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "माझ्या कानापेक्षा बरा."

"नीट बघा ना. काहीतरी असेल."

"अहो, लोक इथं काही निघू नये म्हणून देवाला विनवत येतात. तुम्ही उलट्याच."

"मग मी चुकते कशी?"

ती जरा मोठ्याने बोलली. तिला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी दाराकडे पाहिले.

"काम काय करता?"

"दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आणि आठवड्यातून दोनदा क्लबमध्ये असते. भाऊ गाणी वाजवतो, मी चित्रं वाजवते."

डॉक्टरबाईंनी नाडी पाहिली, झोपेचे विचारले, वय विचारले. एकोणपन्नास. "थकवा असेल," त्या म्हणाल्या. "मन कुठंतरी गुंतलेलं असेल. हाताचा दोष नाही."

बरे असल्याचा निर्वाळा घेऊन आनंदाने बाहेर पडावे, तर ती जिन्याच्या कठड्याला धरून पायरीपायरीने उतरली. हातात दोष निघाला असता तर औषध मिळाले असते. आता दोष तिचाच ठरला.

आता हे चित्रे वाजवणे म्हणजे काय, ते सांगायला हवे. त्यासाठी चाळीस वर्षे मागे जाऊ. फार वेळ घेत नाही.

तिचे वडील सुतार. ती थोरली. नऊ वर्षांची असताना तिला ताप आला. ताप सतरा दिवस राहिला आणि जाताना कान घेऊन गेला. तेही एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले: घड्याळाची टिकटिक, आईचे कामात गुणगुणणे. मग दाराची कडी. सगळ्यांत शेवटी बाबांचा हातोडा. हा क्रम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाबांच्या कामाची एक फळी होती, नऊ फुटी, एकसंध, मध्ये कुठे सांधा नाही. एका टोकाला ते काम करत आणि दुसऱ्या टोकाला ही तोंड पाडून बसलेली असे, फळीवर हात टाकून. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, खिळा वाकडा गेला."

त्यांनी पाहिले. गेला होता.

"तुला गं कसं कळलं?"

तिने तळहात दाखवला.

परमेश्वर एक दार लावून घेतो तेव्हा कुठे तरी फट ठेवतो, असे आपण म्हणतो. पण ती फट शोधायला घरात कोणीतरी सुतार असावा लागतो. बाबांनी त्या दिवसापासून बोलायच्या आधी फळी वाजवायला सुरुवात केली. एक टकटक म्हणजे "मी आहे". दोन म्हणजे "आता बघ". पुढे धाकटा झाला. तो बोलायच्या आधी टकटकायला शिकला. तो चार वर्षांचा असताना आई गेली, आणि थोरलीने पंधराव्या वर्षी त्याला कडेवर घेतले. वीज गेली की अंधारात ओठ दिसत नाहीत. मग ते पोर पलंगाच्या लाकडावर एक टकटक करी. मी आहे. ती उलट एक करी. मीही आहे. तेवढ्यावर दोघे झोपत.

मोठा होऊन धाकटा डीजे झाला. भंगारातून उचललेली दोन यंत्रे दुरुस्त करून, बाबांच्या फळीच्या एका टोकाला मांडून तो एका गाण्याला दुसरे जोडू लागला. असे जोडायचा की पहिले कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, याचा पत्ता नाचणाऱ्यांना लागत नसे. थोरली आपल्या टोकाला बसून चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या खोलगट काचांशी खेळत असे. एकदा तिने त्यांत पाणी घातले, वर तेल, त्यात रंग, आणि खालून दिवा लावला. भिंतीवर रंगांचे हे एवढे मोठे ढग हलायला लागले. तिने तळहात फळीवर ठेवला आणि धाकट्याच्या ठोक्यासरशी काच हलवली. ढग ठोक्यावर नाचला.

धाकटा यंत्रे सोडून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. "ताई," त्याने वळून म्हटले, "तुला ऐकू येतंय."

बाबांनी मग आपल्या फळीला घडीचे पाय लावून दिले. त्यांचे ते शेवटचे काम. एका टोकाला धाकट्याची यंत्रे आणि एक छोटा स्पीकर; दुसऱ्या टोकाला थोरलीचा दिवा, काचा, रंग. धाकट्याच्या छोट्या स्पीकरमधला आवाज लाकडातून चालत तिच्या डाव्या तळहातात येई, आणि उजव्या हाताने ती पडद्यावर चित्र करी. मोठ्या स्पीकरांचा ठोका तर काय, पायांतून सगळ्यांनाच कळतो. गडगडाट झाला हे कोणीही सांगेल. कोणते पान हलले, ते तिला फळी सांगे.

बारा वर्षे त्यांनी असे वाजवले. पोस्टरवर नाव एकच होते, दोघांचे मिळून. आणि त्यांची एक जागा ठरलेली होती, जिच्यासाठी लोक परत परत येत. गाणे भरात असताना धाकटा सगळे एकदम थांबवी. थोरली त्याच क्षणी काळा कागद सरकवी, पडदा काळा. शेकडो माणसे अंधारात श्वास धरून उभी. शांतता किती लांबवायची ते धाकटा त्या त्या दिवशी ठरवी. मग पहिला ठोका, आणि नेमका त्या ठोक्यावर पांढऱ्या पडद्यावर तांबडा थेंब फुटे.

पण थेंबाला पडायला वेळ लागतो. ठोका ऐकून सोडला तर तो उशिरा पडणार. म्हणून शांततेच्या शेवटी धाकटा फळीवर बोटाने दोन टकटक करी. आता बघ. दुसऱ्या टकटकीला ती कागद ओढून थेंब सोडी, आणि थेंब व ठोका बरोबर पोचत. बारा वर्षांत एकदाही चुकले नाही. क्लबमधले दिवेवाले काका म्हणत, "तुमच्या थेंबावर मी घड्याळ लावतो."

आणि तीन महिन्यांपूर्वी चुकले.

त्याआधी काय घडले ते ऐका. धाकट्याने नवीन यंत्र घेतले होते आणि नवा छोटा स्पीकर. तो म्हणाला, "ताई, आता माझे दोन्ही हात अडकलेले असतात. टकटक जमणार नाही. मी त्याऐवजी स्पीकरमधून एक बारीक घुर्र सोडतो, फक्त आपल्या फळीपुरती. घुर्र थांबली की सोड थेंब. बोटापेक्षा नेमकं."

"चालेल की," ती म्हणाली. "आणि ती दाढी काढ बघू. तुझं बोलणं मला झाडीतून हुडकावं लागतं."

"सगळेच ठेवतात आता."

"सगळ्यांच्या बहिणींना ऐकू येतं."

तो हसला. दाढी मात्र राहिली.

पहिल्याच दिवशी ती अंधारात तळहात टेकवून वाट पाहत बसली, आणि घुर्र आलीच नाही. पायांखाली एकदम मोठा ठोका आदळला. तिने घाईने थेंब सोडला. तो पडला तेव्हा गाणे चार पावले पुढे गेले होते. कोणीतरी शिटी मारली. तिने धाकट्याच्या स्पीकरकडे पाहिले. त्याचा दिवा लागलेला होता, त्याच्या तोंडावरचा गोल पडदा थरथरताना दिसत होता. हातात मात्र काही नाही.

दुसऱ्या आठवड्यात तेच. तिसऱ्या आठवड्यात तेच. मोठा ठोका येई, बारीक काही येईना. आणि तेव्हा तिला आठवला तो क्रम. आधी बारीक जाते, मग मोठे. नऊ वर्षांच्या पोरीला जे झाले, ते आता हाताला होत होते. कान गेले तेव्हा तळहात होता. तळहात गेल्यावर काय?

रोज सकाळी दुकानात काच घासताना ती घासायचे चाक बंद करून त्याची थरथर कुठवर कळते ते हाताने मोजू लागली. अंघोळीच्या वेळी नळाला हात लावून पाही. सगळे कळे. फक्त फळीवर कळेना. डॉक्टरबाईंकडे जाऊन आली, ते तुम्ही पाहिलेच.

घरी धाकटा वाट पाहत होता.

"काय म्हणाल्या?"

"हात बरा आहे. थकवा म्हणाल्या."

धाकटा खिडकीकडे तोंड करून काही बोलला. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "माझ्याकडे बघून बोल."

"मी म्हटलं, बारा वर्षं झाली ताई. थकणारच."

"छोट्या, खरं सांग. माझ्यामुळं तुझा विचका होतोय का?"

तो नाही म्हणाला. म्हणाला जरूर, पण लगेच नाही. मधे जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एक थेंब पडला असता.

तेव्हा तीच म्हणाली, "मी थांबते. पुढच्या रविवारचं शेवटचं करते."

धाकट्याने तिचे हात धरले, डोळ्यांत पाणी आणले. खोटे नव्हते ते पाणी, एवढे मला नक्की वाटते. मग त्याने सांगितले की एक मार्ग आहे: कॉम्प्युटर तिची चित्रे शिकेल आणि गाण्याबरोबर आपोआप दाखवील. म्हणजे ती नसली तरी तिचे काम राहील. तिला ते फार बरे वाटले. चष्म्याच्या दुकानातून तिने आठ दिवसांची रजा काढली आणि कॅमेऱ्यासमोर बसून एकेक काच, एकेक रंग करून दाखवला. ढग कसा फोडायचा, तेल कुठे फुंकायचे. तांबडा थेंब तर तिने चाळीस वेळा पाडला, कारण धाकटा प्रत्येक वेळी म्हणे, "अजून एकदा, ताई."

"घे बाबा," ती म्हणाली. "हा तरी वेळेवर पडेल."

रविवारचा कार्यक्रम संध्याकाळी पाचचा होता. ती दुपारी एकलाच क्लबमध्ये आली. दिवसा क्लब म्हणजे उतरवलेल्या मुखवट्यासारखा असतो. खिडकीवरचा पडदा बाजूला केलेला, जमिनीवर आदल्या दिवशीचे चिकट डाग, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या. दिवेवाले काका शिडीवर उभे राहून दिव्याचे भिंग पुसत होते. त्यांनी हात हलवला आणि खाली उतरून तिच्यासमोर आले. त्यांना सवय होती.

"एवढ्या लवकर?"

"फळीला तेल द्यायचंय. बाबा म्हणायचे, हत्यार दुसऱ्याच्या हाती देताना पुसून द्यावं."

"आणि आमचं घड्याळ कोण लावणार आता?"

"कॉम्प्युटर लावेल."

"त्याला विचारावं लागेल, किती वाजले म्हणून. तुम्हाला नुसतं बघितलं की कळायचं."

ती हसली. चिंधी तेलात बुडवून तिने आपल्या टोकापासून सुरुवात केली. बारा वर्षांत ती नेहमी आपलेच टोक पुसत आली होती. धाकट्याच्या यंत्रांना तो कोणाला हात लावू देत नसे, आणि तिनेही कधी लावला नाही. आज मात्र फळी पुरती पुसायची होती. तिने त्याची यंत्रे एकेक करून खुर्चीवर ठेवली. मग छोटा स्पीकर उचलला.

त्याखाली काळ्या फोमचे चार जाड चौकोन होते. चांगले चिकटवलेले. त्यांच्या कडांना धुळीची रेघ बसली होती, म्हणजे कालपरवाचे नव्हते.

काचा घासणाऱ्या बाईला फोम माहीत असतो. काच हादरू नये म्हणून तोच चाकाखाली घालतात. तरी तिने काकांना विचारले. माणूस विचारतो, कारण त्याला वाटते की उत्तर वेगळे येईल.

"हे कधी लावलं?"

"ते होय? झाले की तीन महिने. नवा स्पीकर आला त्या दिवशीच. लाकडावर ठेवला की आवाज घुमतो म्हणत होता, म्हणून माझ्यासमोरच चिकटवलं त्यानं."

ती स्पीकर हातात धरून उभी राहिली. काकांना वाटले तिला ओठ दिसले नाहीत, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितले. आणि वर म्हणाले, "तुमचा थेंब पहिल्यांदा चुकला ना, तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, अरे, त्या फोममुळं ताईंना काही पोचत नसेल. तर म्हणाला, माझं बोलणं झालंय तिच्याशी."

एवढे बोलून काका थांबले. त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी खांद्यावरचे फडके काढले, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकले.

तिने फोमचे चारही चौकोन नखाने सोडवले आणि आपल्या एप्रनच्या खिशात ठेवले. स्पीकर उघड्या लाकडावर मांडला. काकांना खूण केली; त्यांनी एक गाणे लावले. तिने आपल्या टोकाला येऊन तळहात टेकवला.

सगळे आले. झांजेसारखी बारीक किणकिण आली, तिच्या मागची कुजबुज आली, एका सुरातून दुसरा उसवत निघतो ती शिवणसुद्धा आली. तीन महिने बाहेर उभे ठेवलेले सगळे पाहुणे एकदम घरात शिरावेत तसे झाले. तिचा चेहरा उजळला. काकांनी पाहिले, क्षणभर ती नऊ वर्षांच्या पोरीसारखी हसली.

आणि मग तिला बाकीचेही कळले. जे हसू आले होते ते तिला कुठे ठेवावे ते समजेना. ती रंगांच्या ट्रंकेवर बसली.

सज्जनहो, परक्याने मारले तर माणूस हात वर करतो. इथे वर करायचा हातच त्याने ताब्यात घेतला होता. थोरलीने आपल्या हातावर संशय घेतला, आपल्या मनावर घेतला, वयावर घेतला, देवावरसुद्धा घेतला. एका भावावर तेवढा घेतला नाही. केसाने गळा कापतात, तो असा.

चार वाजता धाकटा आला. दाढी नीट कातरलेली, नवा सदरा. फळी चकचकीत दिसली, यंत्रे जागच्या जागी. त्याने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, आज अजिबात ताण घेऊ नको. चुकलं तरी चालेल. शेवटचं आहे."

तिने त्याच्या दाढीतून ते शब्द वेचून घेतले.

"नाही चुकणार," ती म्हणाली.

पाच वाजता दारे उघडली, खिडकीवर पडदा ओढला. लोक भरले. काकांनी दिवे मंद केले. धाकट्याने पहिले गाणे हळू आवाजात सोडले आणि थोरलीने निळा रंग पाण्यात सोडला. निळ्याने कड घेतली ती नेमकी किणकिणीवर. दुसरे गाणे शिरले तसा निळ्याखालून पिवळा आला, आधी नाही, नंतर नाही. धाकट्याने पडद्याकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग तिच्याकडे. ती काचेवर वाकून फुंकर घालत होती.

गाणे भरात आले. त्याने सगळे थांबवले. काळा पडदा. शेकडो माणसे, आणि श्वास.

त्याने ती शांतता लांबवली. मुद्दाम, की हात उचलेना म्हणून, ते त्यालाच ठाऊक. शेवटी घुर्र सोडली. ती लाकडातून चालत आली, तळहातात शिरली, थांबली. थोरलीने कागद ओढून थेंब सोडला.

ठोका आणि तांबडा थेंब एकाच वेळी फुटले. खोलीभर आरोळी उठली. काकांनी वर शिडीपाशी उभे राहून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिल्यासारखे केले.

त्यानंतर धाकटा एक गाणे दुसऱ्याला जोडताना चुकला. दोन ठोके एकमेकांत पाय अडकून पडल्यासारखे धडपडले. नाचणाऱ्यांना वाटले, हीही काही नवी गंमत असेल.

सात वाजता खोली रिकामी झाली. काकांनी मोठे दिवे लावले आणि काही काम नसताना बाहेर निघून गेले. फळीच्या एका टोकाला ती काचा पुसत होती, दुसऱ्या टोकाला तो तारा गुंडाळत होता. त्याने स्पीकर तिरका करून खाली पाहिले. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कधी कळलं?"

"दुपारी."

"ताई, आधी खरंच आवाज घुमत होता. देवाशपथ. म्हणून लावलं. तुझं त्या वेळी डोक्यातच आलं नाही."

"मग आलं कधी?"

तो जमिनीकडे बघत बोलला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड वर केले, लहानपणी नाक पुसायला करी तसे.

"तू पहिल्यांदा चुकलीस तेव्हाच," तो म्हणाला. "म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. बाहेरून बोलावणी येत होती, एकट्याला. ही पद्धत जुनी झाली म्हणतात. आणि ताई, लोक पडद्याकडे बघतात. बारा वर्षं मी वाजवतो आणि लोक पडद्याकडे बघतात. तुला थांब म्हणायला माझं तोंड उघडेना. तू आपणहून थांबशील तर... सोपं वाटलं."

"तोंड उघडेना, म्हणून दाढी वाढवलीस?"

"तसं नाही गं."

"असू दे." तिने पुसलेली काच कागदात गुंडाळली. "फोमचं मी समजू शकते. आवाज घुमत असेल. पण घुर्र मला पोचत नाही, हे तुला दिसत होतं. अंधारात मी हात टेकवून बसले होते, तू चार हातांवर उभा होतास. टकटक का नाही केलीस?"

तो हातातली तार पुन्हा उलगडू लागला.

"एक बोट लागत होतं, छोट्या."

तिने ट्रंकेत काचा रचल्या, दिव्याची वायर काढली. तो आपल्या टोकाला गेला, जणू तिथून बोलणे सोपे जाईल. तिने मान वर केली तेव्हा तो तर्जनी फळीवर धरून उभा होता, पलंगाच्या लाकडाशी अंधारात बसलेल्या पोरासारखा. तिच्या उत्तराची वाट पाहत.

ती काय करणार होती, ते त्याला कळले. मला वाटते, त्या क्षणाआधी तिलाही कळले नसेल. तिने एप्रनच्या खिशातून फोमचा एक काळा चौकोन काढला, फळीवर आपल्या नेहमीच्या जागी ठेवला, हाताने सारखा केला, आणि त्यावर तळहात टेकवला.

"वाजव," ती म्हणाली.

त्याने एकदा टकटक केली. मी आहे.

तिला बोट हललेले दिसले. हातात काही आले नाही. ती थोडा वेळ तशीच थांबली, येणाऱ्याला पुरेसा वेळ द्यावा तसा. मग हात उचलला, फोम तिथेच राहू दिला, आणि ट्रंकेचे झाकण लावले.

काकांनी दारातून येऊन ट्रंकेची दुसरी कडी धरली. दोघांनी ट्रंक उचलून बाहेर नेली. बाबांची फळी तिने मागे ठेवली. तेल पिऊन ती अजून ओली दिसत होती.

झाली कथा. आता माझे मागणे. पुढे धाकट्याचे काय झाले, हे मला विचारू नका; त्याच्या पडद्यावर तांबडा थेंब रोज वेळेवर पडतो एवढे ऐकून आहे. माझे मागणे थोरलीसाठी आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती अजून काचा घासते. तुम्ही कधी आपल्या माणसाशेजारी बसलेले असाल, बोलायचे काही सुचत नसेल, आणि बोट सहज टेबलावर वाजेल. तेव्हा तिची आठवण ठेवा, आणि तेवढे एक बोट आखडते घेऊ नका.